इन्कम टॅक्स नाही, मग राज्य चालतं कशावर?

ऑफर लेटर हातात पडलं की अमेरिकेतली मराठी मंडळी हिशेबाला बसतात: बे एरिया की डॅलस, न्यू जर्सी की सिअ‍ॅटल? त्यात एक मुद्दा ठरलेला असतो, "तिकडे स्टेट टॅक्स लागत नाही." गलेलठ्ठ पगारावर हा फायदा खराच आहे. पण त्याच डॅलसमध्ये हॉटेलात भांडी घासणाऱ्याला तो किती मिळतो, हा प्रश्न या हिशेबात सहसा येत नाही.

आपल्याकडे प्राप्तिकर केंद्राचा. शेतीचं उत्पन्न सोडलं तर राज्य सरकारला उत्पन्नावर कर लावता येत नाही, आणि पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपयांच्या वर जाऊ शकत नाही. अमेरिकेत मात्र केंद्राचा प्राप्तिकर वेगळा आणि राज्याचा वेगळा. राज्याचा प्राप्तिकर न घेणारी म्हणून नऊ राज्यं ओळखली जातात: अलास्का, टेक्सस (डॅलस इथलंच), टेनेसी, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, फ्लोरिडा, वायोमिंग, वॉशिंग्टन (राजधानी नव्हे, सिअ‍ॅटलचं राज्य) आणि साउथ डकोटा.

कराचा भार कोणावर किती, याचा राज्यवार अहवाल 'इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी' ही संस्था काढते. जानेवारी २०२४ च्या अहवालात सगळ्यात विषम करव्यवस्थेचा मान फ्लोरिडाला मिळाला. तिथली सर्वांत गरीब २० टक्के कुटुंबं उत्पन्नाचे सुमारे १३.२ टक्के राज्य आणि स्थानिक करांत भरतात, तर वरचे १ टक्का लोक २.७ टक्के. दुसरा क्रमांक वॉशिंग्टनचा. टेक्ससमध्ये हेच आकडे १२.८ आणि ४.६. महागडं म्हणून बदनाम असलेल्या कॅलिफोर्नियात गरिबांवर ११.७ टक्के भार आहे, म्हणजे टेक्ससहून कमीच.

ही संस्था डावीकडे झुकलेली आहे, आणि ती फक्त कर मोजते, करातून मिळणाऱ्या शाळा-दवाखाने मोजत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. तरी आकड्यांमागचं कारण समजायला अर्थशास्त्र लागत नाही. प्राप्तिकर नसला की बहुतेक ठिकाणी त्याची जागा विक्रीकर घेतो. तुटपुंज्या कमाईचं घर आलेला पैसा जवळजवळ सगळा खर्च करतं, त्यामुळे त्याची बहुतेक कमाई विक्रीकराच्या टप्प्यात येते. श्रीमंताच्या कमाईचा मोठा हिस्सा शेअर आणि बचतीत जातो आणि तिथे विक्रीकर पोचत नाही.

ही राज्यं प्राप्तिकरमुक्त झाली ती मात्र कुठल्या एका विचारातून नाही. प्रत्येकाची कहाणी निराळी आहे.

फ्लोरिडाची कहाणी जमिनीच्या सट्ट्याची. १९२० च्या दशकात तिथे प्लॉटांचे भाव आकाशाला भिडले होते. उत्तरेतले धनिक कायमचे राहायला यावेत म्हणून १९२४ मध्ये मतदारांनी प्राप्तिकर आणि वारसा कर, दोन्हींना राज्यघटनेतच बंदी घातली. इतर राज्यं चिडली. केंद्राने १९२६ मध्ये आपल्या वारसा करात, राज्याला भरलेल्या वारसा कराबद्दलची सवलत अशी बेतली की फ्लोरिडात येऊन मरण्यात फारसा लाभ उरू नये. फ्लोरिडा सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९२७ मध्ये हरलं. तोवर जमिनीचा फुगाही फुटला होता. प्राप्तिकरावरची बंदी मात्र टिकली, आणि १९४९ मध्ये ३ टक्के विक्रीकर आला. आज तो ६ टक्के आहे.

अलास्कात प्राप्तिकर होता. १९७७ मध्ये तेलाची पाइपलाइन सुरू झाली, तिजोरी भरली आणि १९८० मध्ये कर रद्द झाला. वर १९८२ पासून तेलाच्या निधीतून दर रहिवाशाला दरसाल चेक मिळू लागला, पहिला १,००० डॉलरचा. तिथे राज्याचा विक्रीकरही नाही. पण तेल प्रत्येकाच्या नशिबी नसतं.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट वॉशिंग्टनची, कारण तिथल्या लोकांनी प्राप्तिकर मागितला होता. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, जमिनीवरचा कर मात्र तसाच राहिला. शेतकऱ्यांच्या 'ग्रेंज' संघटनेने जोर लावला आणि नोव्हेंबर १९३२ मध्ये सुमारे ७० टक्के मतदारांनी चढत्या दराचा प्राप्तिकर मंजूर केला. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो रद्द ठरवला. न्यायालयाचं म्हणणं असं की उत्पन्न ही मालमत्ताच आहे, आणि राज्यघटनेप्रमाणे मालमत्तेवर कर एकाच दराने लागला पाहिजे. एका मताने पुढची नव्वद वर्षं ठरली.

तिजोरी रिकामी होती. १९३५ मध्ये २ टक्के विक्रीकर लागला. आता १० सेंटच्या पावावर २ टक्के म्हणजे सेंटचा पाचवा भाग, आणि असं नाणंच नव्हतं. मग राज्याने अ‍ॅल्युमिनियमची, मधे भोक असलेली टोकनं पाडली. १० सेंट किंवा त्याहून कमी खरेदीवरचा कर, असं त्यांवर कोरलेलं असे. बड्यांच्या मिळकतीवरचा कर न्यायालयात अडला आणि पावावरचा कर गल्ल्यात खुळखुळू लागला. किराण्यावरचा हा कर मतदारांनी १९७७ मध्ये काढून टाकला. तरीही आज सिअ‍ॅटलमध्ये स्थानिक भर धरून विक्रीकर १० टक्क्यांच्या वर आहे.

मग प्राप्तिकर आणला की झालं? पेनसिल्व्हेनियात तो आहे, सगळ्यांना एकच ३.०७ टक्के, आणि विषमतेच्या यादीत ते राज्य चौथं. चढते दर नसतील तर नुसत्या प्राप्तिकराने फार काही बदलत नाही.

शिवाय आता लोकांनाच तो नको असतो. टेनेसीत २००१ मध्ये राज्यपालांच्या प्रस्तावाविरुद्ध विधिमंडळाभोवती गाड्यांचे भोंगे वाजले, खिडक्या फुटल्या. २०१४ मध्ये त्या राज्याने आणि २०१९ मध्ये टेक्ससने घटनेतच बंदी घातली. टेक्ससमध्ये बाजूने सुमारे ७४ टक्के मतं पडली. वॉशिंग्टनमध्येही २०१० मध्ये फक्त श्रीमंतांवरच्या प्राप्तिकराचा प्रस्ताव आपटला. थोरले बिल गेट्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टवाल्या बिल गेट्सचे वडील, त्याच्या बाजूने प्रचार करत होते, तरीही.

म्हणून तिथल्या विधिमंडळाने २०२१ मध्ये आडवाट काढली: शेअर-रोख्यांच्या विक्रीतून वर्षात अडीच लाख डॉलरहून जास्त नफा झाला तर वरच्या रकमेवर ७ टक्के. मार्च २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो वैध ठरवला. आधीच्या अहवालात सगळ्यात विषम ठरलेलं वॉशिंग्टन २०२४ च्या अहवालात दुसऱ्या क्रमांकावर गेलं, त्यात या कराचा मोठा वाटा होता. २०२४ मध्ये तो रद्द करायचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. न्यायालयाने मात्र हा उत्पन्नावरचा नव्हे, व्यवहारावरचा कर आहे असं धरलं, त्यामुळे १९३३ च्या निकालाला हात लावायची वेळच त्याच्यावर आली नाही.