लांब पल्ल्याची घोडेस्वारी : घड्याळ आणि नाडी यांच्या वादाची पार्श्वभूमी

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी भरणाऱ्या घोडेबाजारात जनावर पारखण्याची रीत ठरलेली आहे. गिऱ्हाईक आधी रंग, भोवरे आणि देवमण हा शुभ मानला जाणारा भोवरा बघते, मग कानांची ठेवण आणि उंची बघते आणि शेवटी स्वाराला न हलवणारी रवाल चाल मागते. या पारखीत काही चूक नाही, कारण हा बाजार शौकाचा, वरातीचा आणि पैदाशीचा आहे. मात्र ज्यांना त्याच बाजारातला घोडा घेऊन एन्ड्युरन्स म्हणजे चाळीस, साठ, ऐंशी किलोमीटरच्या एकदिवसीय घोडेस्वारीकडे वळायचे आहे, त्यांना वेगळी पारख शिकावी लागते. ती कुठून आली हे माहीत नसेल, तर या खेळाचे नियम विनाकारण जाचक वाटतात. हा खेळ आज जसा आहे तसा झाला तो मुख्यतः एका प्रश्नामुळे : घोड्याची वेळ मोजणे कधी थांबवायचे?

लांब पल्ल्याची दौड खान्देशाला नवी नाही. सतराव्या शतकात सुरत-बऱ्हाणपूर हा व्यापारी मार्ग नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा याच मुलखातून जात होता आणि त्यावरची डाक व फौज घोड्यावरच चाले. १७२७-२८च्या पालखेड मोहिमेत मराठा फौजेने निजामाला झुलवत बऱ्हाणपूरचा धाक घातला, खान्देशातून गुजरातेकडे मुसंडी मारली आणि मागे फिरून त्याला पालखेडला कोंडले. त्या मोहिमेचे यश तोफांपेक्षा घोड्यांच्या दमावर उभे होते. भुसावळमार्गे रेल्वे आल्यावर प्रवासातील घोड्याचे स्थान आक्रसले, तरी ठेलारी मेंढपाळांच्या फिरत्या वाड्यांबरोबर ओझ्याची घोडी आजही चालताना दिसतात. परंतु या सर्व परंपरेत घोडा किती लांब गेला याचीच नोंद राहिली, पोहोचल्यावर तो कसा होता याची राहिली नाही. हीच उणीव युरोपातील लष्करी दौडींतही होती.

१८९२च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन आणि ऑस्ट्रो-हंगेरियन अधिकाऱ्यांनी बर्लिन आणि व्हिएन्ना यांच्या दरम्यान, एकमेकांच्या राजधानीकडे, सुमारे ५८० किलोमीटरची दौड केली. विजेता सुमारे तीन दिवसांत पोहोचला, पण या शर्यतीत अनेक घोडे दगावले आणि विजेत्याचा घोडाही त्यातून वाचला नाही. त्या काळातही या प्रकारावर कडक टीका झाली. पुढे १९१९पासून अमेरिकी घोडदळाने आपल्या घोड्यांची कसोटी घेण्यासाठी पाच दिवसांत ३०० मैलांच्या चाचण्या सुरू केल्या. रोज ६० मैल आणि पाठीवर ठरलेले वजन असे त्यांचे स्वरूप होते. येथे वेगाबरोबर घोड्याची अवस्था आणि त्याने खाल्लेली चंदी म्हणजे दाण्याची खुराकीही गुणांत धरली जाई, म्हणून आजच्या खेळाचे मूळ बर्लिन-व्हिएन्ना दौडीत शोधण्यापेक्षा या चाचण्यांत शोधणे मला अधिक योग्य वाटते.

नागरी खेळाची सुरुवात १९५५ साली कॅलिफोर्नियात झाली. टाहो सरोवराच्या परिसरातून निघून सिएरा नेवाडाचे डोंगर ओलांडत ऑबर्न गावापर्यंत १०० मैल एका दिवसात जायचे, अशी ती दौड होती, आणि ती आजही होते. चोवीस तासांत पोहोचणाऱ्या प्रत्येकाला सारखेच मानचिन्ह मिळते. १९६४पासून पहिल्या दहा घोड्यांपैकी सर्वांत सुस्थितीत असलेल्या घोड्याला स्वतंत्र चषक दिला जाऊ लागला आणि तो चषक पहिल्या येण्याइतकाच मानाचा समजला जातो. १९६६ साली ऑस्ट्रेलियात अशीच १०० मैलांची दौड सुरू झाली. वाटेत पशुवैद्यकाने घोडा तपासायचा आणि त्याने नाही म्हटले की स्वाराने उतरायचे, हे तत्त्व या स्पर्धांतून पक्के झाले. जागतिक पातळीवर मान्यता मिळाल्यानंतर १९८६ साली रोमजवळ पहिली विश्व अजिंक्यपद स्पर्धा झाली. ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार नाही, मात्र २००६च्या दोहा आशियाई स्पर्धांत त्याचा समावेश होता.

येथून मूळ वाद सुरू होतो. १६० किलोमीटरची दौड साधारण २० ते ४० किलोमीटरच्या टप्प्यांत विभागलेली असते आणि प्रत्येक टप्पा तळावर संपतो. घोडा तळाच्या रेषेवर आला म्हणून घड्याळ थांबत नाही. स्वाराचे मदतनीस खोगीर उतरवतात, अंगावर पाणी ओततात, घोड्याला सावलीत हळूहळू फिरवतात आणि नाडी खाली आली असे वाटले की त्याला तपासणीच्या गल्लीत नेतात. आंतरराष्ट्रीय नियमांत पंधरा मिनिटांच्या आत नाडी मिनिटाला ६४ किंवा त्याखाली यावी लागते आणि घोडा सादर केला त्या क्षणापर्यंतचा वेळ टप्प्याच्या वेळेत मोजला जातो. समजा, एक घोडा चार मिनिटे आधी आला, पण त्याची नाडी उतरायला नऊ मिनिटे लागली आणि मागून आलेला घोडा तीन मिनिटांत शांत झाला, तर दुसरा घोडा पुढे जातो. त्यानंतरच सक्तीच्या विश्रांतीचे घड्याळ सुरू होते. या रचनेत दमट हवेत वेडावाकडा पळवलेला घोडा आपोआप मागे पडतो, आणि स्वाराला शेवटच्या दोन किलोमीटरवर उतरून घोड्याबरोबर चालत येणे फायद्याचे ठरते.

शेवटच्या टप्प्याला मात्र हा नियम लागू नाही. तेथे समाप्तीची रेषा ओलांडली की घड्याळ थांबते आणि घोड्याला ठरावीक मुदतीत एकदाच तपासणीला उभे करायचे असते. त्यात तो उत्तीर्ण झाला तर क्रमांक रेषेवरचाच राहतो, अनुत्तीर्ण झाला तर बाद होतो. म्हणजे दिवसभर ज्या खेळात नाडी घड्याळ चालवते, त्याच खेळाच्या अखेरीस पुन्हा घोड्यांची भरधाव शर्यत होते. या तरतुदीच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद असा की, खेळाला प्रेक्षकांना कळेल असा शेवट हवा, समोरासमोर विजेता ठरला पाहिजे, आणि अखेरची तपासणी कडक असल्यामुळे घोड्याचे नुकसान करून जिंकता येत नाही. विरोधकांचे म्हणणे असे की बाद होण्याची भीती स्वाराला थांबवत नाही, कारण ऐंशी-शंभर किलोमीटर नीट आलेला घोडा शेवटच्या वीस मिनिटांत उधळला तर त्याचे नुकसान तपासणीच्या आधीच झालेले असते.

मला दुसरी बाजू अधिक खरी वाटते आणि तिला आधार खुद्द या खेळातच आहे. अमेरिकेत २५ ते ४९ मैलांच्या छोट्या पल्ल्याच्या दौडींत रेषा ओलांडण्याची वेळ धरतच नाहीत. नाडी ६०वर आल्याचा क्षण हीच समाप्तीची वेळ मानतात. फ्रान्समध्ये नवख्या घोड्यांच्या दौडींना वेगाची मर्यादा घालून दिलेली असते आणि काही प्रकारांत वेग व नाडी यांची सांगड घालून गुण काढतात. छोट्या पल्ल्यासाठी जे तत्त्व शहाणपणाचे मानले, ते मोठ्या पल्ल्याला का लागू करू नये, याचे समाधानकारक उत्तर अद्याप दिले गेलेले नाही. आपल्याकडे ज्यांना घोड्यांच्या शर्यतीचीच सवय आहे, त्यांच्यासाठी तर नाडीवर संपणारी दौड हीच योग्य सुरुवात आहे. अन्यथा चाळीस किलोमीटरची दौड ही चाळीस किलोमीटरची शर्यत होऊन बसते.

या प्रश्नाचे उत्तर टाळल्याची किंमत गेल्या पंचवीस वर्षांत मोजावी लागली. १९९८ची विश्व अजिंक्यपद स्पर्धा दुबईत झाली आणि त्यानंतर आखाती देशांत सपाट, आखलेल्या वाळवंटी मार्गांवर मोठ्या बक्षिसांच्या दौडी वाढल्या. डोंगरवाटांवर जो वेग शक्यच नव्हता तो तेथे शक्य झाला आणि १६० किलोमीटरचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या पुढे गेला. पायांची हाडे मोडणे, घोडे दगावणे आणि दुखरे पाय बधिर करून घोडा पळवणे असे प्रकार उघड झाले. २०१५ साली जागतिक अश्वक्रीडा संघटनेने तेथील एका राष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व काही महिन्यांसाठी निलंबित केले आणि २०२० साली एन्ड्युरन्सपुरती तशीच कारवाई पुन्हा करावी लागली. २०१८ साली अमेरिकेतील ट्रायन येथे जागतिक अश्वक्रीडा स्पर्धांत आधी चुकीच्या सुरुवातीमुळे दौड पुन्हा सोडावी लागली, नंतर उष्मा आणि दमटपणा इतका वाढला की ती मध्येच रद्द झाली. पन्नासहून अधिक घोड्यांवर उपचार करावे लागले आणि एका घोड्याला शेवटी दयामरण द्यावे लागले.

आजचे प्रवेशाचे नियम या घटनांच्या छायेत घडले आहेत. नवख्या जोडीने आधी छोट्या पल्ल्याच्या पात्रता दौडी ताशी १६ किलोमीटरच्या मर्यादेत पूर्ण करायच्या असतात. त्याहून जास्त वेगाने आलेला घोडा कितीही ताजातवाना असला तरी पात्र ठरत नाही. पात्रता दौडीसाठी घोडा किमान पाच वर्षांचा असावा लागतो आणि १६० किलोमीटरच्या गटात उतरेपर्यंत तो आठ वर्षांचा व्हावा लागतो. दोन दौडींमध्ये अंतरानुसार सक्तीची विश्रांती असते. बाजारात तीन वर्षांचा तेजदार शिंगरू बघून ‘यंदाच उतरवू’ म्हणणाऱ्याला हे नियम आडकाठीसारखे भासतात, परंतु त्यामागे साधे शरीरशास्त्र आहे. हृदय आणि स्नायू काही महिन्यांच्या संथ सरावाने तयार होतात; कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर), सांधे आणि हाडे घट्ट व्हायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागतो. दमाने तयार आणि पायाने कच्चा असा घोडा सर्वांत धोक्याचा, कारण तो धावायला नाही म्हणत नाही.

तपासणीचे स्वरूपही सुरुवात करणाऱ्याने घरीच समजून घ्यावे. पशुवैद्यक डाव्या कोपराच्या मागे स्टेथोस्कोप लावून नाडी मोजतो. विश्रांतीत निरोगी घोड्याची नाडी मिनिटाला साधारण ३० ते ४० असते. मग हिरडी अंगठ्याने दाबून सोडतो आणि फिकट झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होते का ते बघतो. खांद्याची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर ती लगेच सपाट व्हावी लागते, नाही तर अंगातले पाणी घटले आहे. पोटाच्या दोन्ही बाजूंना वर आणि खाली कान लावून आतड्यांची हालचाल ऐकली जाते. शेवटी घोड्याला सैल दोरीवर चाळीस मीटर दुडकीने नेऊन परत आणायचे असते आणि काही ठिकाणी हे सुरू केल्यापासून बरोबर एक मिनिटाने नाडी पुन्हा मोजतात. ती पहिल्यापेक्षा चढलेली निघाली तर घोडा थकला आहे, मग तो दिसायला कितीही उमदा दिसो.

खान्देशातल्या घोड्याची खरी अडचण या दुडकीपाशी येते. सारंगखेड्याला किंमत मिळते ती रवाल चालीला, कारण तिच्यात स्वार हलत नाही. त्यासाठी लगाम आखडून, मान उचलून घोडा तयार केला जातो. तपासणीत मात्र पशुवैद्यकाला मोकळ्या मानेची, दोन ठोक्यांची, एकसारखी दुडकी हवी असते, कारण लंगडेपणा त्याच चालीत चटकन दिसतो. रवालीतच वाढलेला घोडा दोरीवर दुडकीत येत नाही, चाल मोडतो आणि निरोगी असूनही शंकेला पात्र ठरतो. म्हणून रवाल मोडायची नाही, पण हाताने दुडकी शिकवायची, आणि स्वारानेही रिकिबीत तालाने उठबस करून घोड्याची पाठ हलकी ठेवायला शिकायचे, हे कामाचे पहिले महिने असतात. जातीची चिंता त्यामानाने कमी आहे. जगभर या खेळात अरबी रक्ताचे वर्चस्व आहे हे खरे, पण काठियावाडी आणि मारवाडी घोडे कोरड्या, उष्ण मुलखातलेच आहेत आणि त्यांचे खूर टणक असतात. गोंडस, पांढऱ्या नुकऱ्यापेक्षा सडपातळ, लांब श्वासाची काठियावाडी घोडी या कामाला अधिक बरी.

हवामान हा यापुढचा मुद्दा आहे. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पावसाळ्यात काळी जमीन घोड्याचे पाय ओढून घेते, त्यामुळे सरावाचा हंगाम दिवाळी ते होळी एवढाच उरतो. घोड्याच्या घामात त्याच्या रक्तापेक्षाही क्षार जास्त असतात, म्हणून उन्हात नुसते पाणी पाजून भागत नाही, मीठही द्यावे लागते. दादर ज्वारीचा कडबा आणि हरभऱ्याची चंदी ही इथली नेहमीची खुराकी असली, तरी लांब पल्ल्याच्या घोड्याला भरपूर चांगला चारा आधी आणि चंदी नंतर, असा क्रम ठेवावा लागतो, कारण मोठ्या आतड्यातला चारा हाच त्याचा पाण्याचा साठा असतो. पाटाच्या कडेचे मातीचे रस्ते सरावाला उत्तम आहेत. डांबरावर दुडकी टाळावी आणि नालबंदाची पाळी दीड महिन्याच्या पुढे ढकलू नये. स्पर्धेसाठी घोडा न्यायचा तर ग्लँडर्स हा रोग नसल्याचा रक्त तपासणीचा दाखला लागतो. तो बाजारातून घोडा घेतानाच मागावा, कारण हा रोग माणसालाही होतो आणि त्याची लागण झालेले जनावर कायद्याने मारावे लागते.