काळपट कडा आणि ओली मोड: दोन वेगळे प्रश्न

संग्रहालयातल्या सांगाड्यांच्या नोंदींत एक शेरा वारंवार दिसतो: ‘कडा काळपट, सबब मृत्यूसमयीचा घाव.’ यातली ‘सबब’ मला खटकते, कारण कडेच्या रंगावरून घावाची वेळ ठरत नाही.

भरलेली मोड, म्हणजे जिवंतपणी मोडून पुन्हा जुळलेलं हाड, नवशिक्यालाही ओळखू येते. कडा गोलसर झालेल्या असतात, वर नव्या हाडाची गाठ असते. माणूस त्यानंतर जगला, इतकंच. घोळ होतो तो न भरलेल्या मोडींत.

ताज्या, म्हणजे ओल्या हाडात कोलॅजन (हाडाला लवचिकपणा देणारं प्रथिन) शाबूत असतं, त्यामुळे ते मोडण्याआधी थोडं वाकतं. भेग तिरकी किंवा पीळदार जाते, कड धारदार आणि मोडीची बाजू गुळगुळीत राहते. कवटीवर एखादी कपची पूर्ण सुटत नाही, एका बाजूनं वाकून चिकटलेली असते. सुकलेलं हाड मात्र खडूसारखं तुटतं: बहुधा काटकोनात, आणि बाजू खडबडीत.

आता रंग. कड बाकीच्या पृष्ठभागाहून फिकी असेल, तर मोड अलीकडची: खोदताना, वाहतुकीत, किंवा आपल्याच कपाटात झालेली. कड मातीच्या रंगाची असेल, तर मोड जुनी. पण कितपत जुनी? पुरलेलं हाड सुकलं, काही शतकांनी वरच्या मातीच्या भारानं मोडलं आणि पुढं तिथंच पडून राहिलं, तर तीही कड काळपटच होणार. हाड मोडताना ओलं होतं की सुकं, याचं उत्तर कडेच्या कोनात आणि पोतात शोधायचं.

ओली मोड सापडली तरी लगेच खून, लढाई असं काही लिहू नये. हवा-पाण्याप्रमाणे हाड मृत्यूनंतर काही आठवडे, कधी महिनेही ताज्यासारखंच मोडतं. मृत्यूच्या सुमाराची मोड मृत्यूचं कारण असेलच असं नाही.

म्हणून तुकडे जोडायची घाई मला मुळीच पटत नाही. कडेवर डिंक बसला की पोत झाकला जातो. आधी प्रत्येक कडेचे तिरप्या उजेडात फोटो घ्यावेत. जोडणं खरोखर गरजेचं असेल, तरच पॅरालॉइड बी-७२ हे अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्य वापरावं. ते अ‍ॅसिटोननं पुन्हा काढता येतं. नोंदणी क्रमांक मोडीवर कधीही टाकू नये. नोंदीत कोन, पोत आणि रंग वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. अर्थ लावायचा तो शेवटच्या रकान्यात, लावणाऱ्याचं नाव आणि तारीख घालून.