कोकणातील बंदुकीची परिभाषा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात बंदूक बहुतेक शेताच्या राखणीसाठी असते. डुक्कर, वानर आणि माकडे यांच्यापासून भात, नारळ, काजू वाचवायचे. त्यामुळे तिथले परवानाधारक बंदुकीची ओळख कंपनीवरून किंवा मॉडेलवरून देत नाहीत, ती भरतात कशी यावरून देतात. नळीच्या तोंडातून दारू भरायची ती ठासणीची. बिजागरीवर मोडून मागून काडतूस सारायचे ती काडतुसाची. १९५९ च्या शस्त्र कायद्याने हाच फरक आपल्या भाषेत केला आहे. पीकसंरक्षणाच्या परवान्याबाबत त्यात तोंडाने भरायच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, तर स्वसंरक्षण व खेळासाठी किमान २० इंच नळीच्या, आतून गुळगुळीत बंदुकीचा.

‘ठासणे’ हे क्रियापद या परिभाषेचा कणा आहे. आधी दारू, तिच्यावर काथ्याचा किंवा चिंधीचा बोळा, मग छर्रे, वर पुन्हा बोळा. प्रत्येक थर लोखंडी गजाने दाबायचा. शेवटी नळीच्या मागच्या निपलवर, म्हणजे छोट्या पोकळ नळकांडीवर, केप बसवायची; केप म्हणजे आघाताने पेटणारी बारीक टोपी. घोडा, म्हणजे चाप ओढल्यावर हातोडीसारखा पडणारा भाग, केपवर आपटला की ठिणगी आत जाते. हे सगळे मिळून होतो तो एक ‘बार’. बार भरतात, काढतात, उडवतात. पावसाळ्यात दारू सर्दावली की केप फुटते आणि बार मात्र होत नाही. ‘फुसका बार’ हा शब्द निवडणुकीच्या भाषणांत शिरला तो अशा बंदुकीतून आणि दिवाळीच्या फटाक्यांतून. केपेच्या आधीच्या काळात पेटत्या दोरीने बार उडवायच्या बंदुकीला तोड्याची म्हणत, आणि बत्ती लागण्यासाठी घातलेल्या बारीक दारूला रंजक.

काडतुसाच्या बंदुकीत एकनळी आणि दुनळी. ‘सिंगल’ आणि ‘डबल बार’ हेही सर्रास ऐकू येते. बॅरलचा बार झाला आणि तो आवाजाच्या बारात मिसळून गेला. ‘बारा बोर’मधला बारा हा आकडा नवख्याला चकवतो. नळीत नेमका बसेल असा शिशाचा गोळा घेतला तर एका पौंडात असे बारा गोळे होतात, म्हणून बारा बोर. व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक. छर्‍यांच्या नंबरांचेही तसेच, मोठा नंबर म्हणजे बारीक छर्रा. नळीत आतून आटे पाडलेले असतील तरच ती रायफल. हे माहीत असूनही गावात खांद्यावरच्या कुठल्याही लांब नळीला रायफल म्हणतात, आणि वर्तमानपत्रे छर्‍यांच्या जखमेलाही ‘गोळी लागली’ असेच छापतात.

शब्दांचे मूळ पाहिले तर बंदराचा इतिहास दिसतो. ‘बंदूक’ अरबीतून फारसीमार्गे आली. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ पोर्तुगिजांकडून. भागांच्या नावांत धरायचा दस्ताही फारसीच, पण ओढायचा चाप, नेम धरायची माशी ही नावे घरगुती. ‘घोडा’ शब्दाचे मात्र दोन गावांत दोन अर्थ. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीत घोडा म्हणजे अख्खे पिस्तूल; सावंतवाडीच्या शेतकर्‍याचा घोडा बंदुकीचाच एक भाग. ‘गावठी’ला तर दोन्हीकडे एकच अर्थ आहे, परवान्याबाहेरची.

हीच बंदूक रात्री रानात गेली की तिच्या कामाचे नाव ‘राखण’ न राहता ‘पारध’ होते, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. म्हणून नुसत्या आवाजासाठी, छर्रे न घालता काढलेला बार हाही राखणीचाच भाग धरला जातो.

कागदोपत्री शब्दांपैकी बोलीत पक्का रुजला तो ‘जमा’. निवडणूक लागली की छाननी करून परवानाधारकांच्या बंदुका पोलीस ठाण्यात ठेवून घेतल्या जातात. २०२४ मध्ये रत्नागिरी-सिंधुदुर्गात लोकसभेचे मतदान ७ मे रोजी झाले, म्हणजे काजूचा हंगाम सरत असताना आणि आंबा भरात असताना. अशा दिवसांत बागेत वानरे उतरली आणि कोणी बंदुकीची चौकशी केली, की मालवणीत मिळणारे उत्तर ठरलेले: ‘बंदूक जमा आसा.’