स्टेज सोडलं, स्टॉल नाही

यंदा गड्ड्यातून, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतून, परतताना आम्ही चौघं पार्क चौपाटीला थांबलो आणि तिथं वाद सुरू झाला. विषय साधा होता: निंटेंडो या जपानी गेम कंपनीनं ई-थ्री हे अमेरिकेतलं व्हिडिओ गेमचं प्रदर्शन सोडलं कधी? एक मित्र छातीठोकपणे म्हणाला, २०१३ साली. दुसऱ्यानं त्याला मध्येच अडवलं. "काय सांगतोस बे? २०१९ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यांचा केवढा मोठा स्टॉल होता, थांब, फोटोच दाखवतो." माझ्या मावसभावाचं म्हणणं तिसरंच. निंटेंडोनं ई-थ्री सोडलं ते २०२३ मध्ये, असं तो सांगत होता. तासभर कुणी मागं हटेना.

मी त्या रात्री फार बोललो नाही. घरी आल्यावर जुनी सादरीकरणं पुन्हा लावली, तारखा जुळवल्या आणि लक्षात आलं की तिघांच्याही तारखा बरोबर आहेत. घोळ 'ई-थ्री' या नावात आहे. त्या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदत होत्या, एक स्टेज आणि एक स्टॉल. निंटेंडोनं पहिली सोडली आणि दुसरी आणखी कितीतरी वर्षं धरून ठेवली. एवढं वेगळं केलं की निम्मा वाद तिथंच मिटतो. उरलेला निम्मा मात्र खरा आहे आणि तो घालण्यासारखा आहे.

सोलापूरकराला हे समजायला अवघड जाऊ नये. "गड्ड्याला जाऊन आलो" असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं कुठं जाऊन आलो? संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा एका दिवशी, ठरल्या वेळी, एकाच ठिकाणी होतो. होम मैदानावरचे पाळणे आणि स्टॉल त्यानंतरही कितीतरी दिवस चालू असतात. एखाद्या वर्षी गर्दीमुळं कुणाला संमती कट्ट्यापर्यंत पोचता आलं नाही, त्यानं अक्षता घरी टीव्हीवर पाहिल्या आणि संध्याकाळी पोरांना घेऊन पाळण्यात बसून आला, तर "त्यानं यात्रा सोडली" असं सोलापुरात कुणीही म्हणणार नाही. देवाच्या सोहळ्याची आणि खेळांच्या बाजाराची बरोबरी मला करायची नाही. एका नावात दोन गोष्टी कशा मावतात, एवढंच दाखवायचं आहे.

आता आधी स्टॉलचं सांगतो, कारण ई-थ्रीचा मूळ हेतू तोच होता. मे १९९५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हे प्रदर्शन पहिल्यांदा भरलं. त्याआधी गेम कंपन्यांना इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या प्रदर्शनात टीव्ही आणि स्पीकरवाल्यांच्या शेजारी जागा घ्यावी लागायची. ई-थ्री ही व्यापाऱ्यांची जागा होती. टॉवेल-चादरीच्या धंद्यात असलेल्या माणसाला हा व्यवहार पाठ असतो: बाहेरगावचा घाऊक खरेदीदार येतो, नमुना हातात घेतो, पोत चाचपतो, भाव विचारतो आणि ऑर्डर लिहून जातो. अमेरिकेतली दुकानं नाताळच्या हंगामात कुठला माल किती भरायचा, ते उन्हाळ्यात ठरवतात. म्हणून ई-थ्री मे-जूनमध्ये भरायचं. सामान्य खेळाडूला तिकीट काढून आत जाता येत नव्हतं. ती सोय झाली थेट २०१७ मध्ये, १५,००० पासांची.

स्टेज म्हणजे कंपनीची पत्रकार परिषद. ती बहुतेक वेळा प्रदर्शनाचे दरवाजे उघडण्याआधी व्हायची, आणि पुष्कळदा कन्व्हेन्शन सेंटरच्या बाहेर एखाद्या नाट्यगृहात. स्टेजची ताकद काय असते ते पहिल्याच वर्षी दिसलं. सेगा कंपनीनं जाहीर केलं की सॅटर्न हे तिचं गेम यंत्र आजपासूनच दुकानात आहे, किंमत ३९९ डॉलर. त्यानंतर सोनीचा अधिकारी स्टेजवर आला, २९९ एवढा आकडा उच्चारला आणि खाली उतरला. सोनीच्या प्लेस्टेशन यंत्राला तेव्हा हात न लावताही लोकांनी कौल देऊन टाकला. स्टेजवर आकडा चालतो, नाव चालतं, टाळी चालते.

स्टॉलवर यातलं काही चालत नाही. तिथं वस्तू हातात घ्यावी लागते. २००६ च्या ई-थ्रीमध्ये निंटेंडोच्या 'वी' या गेम यंत्राचं हेच झालं. हात हलवून टेनिस खेळायचं, हे ऐकायला पोरखेळ वाटत होतं. स्टॉलवर लोकांनी रिमोट हातात धरला आणि बाहेर तासन् तासांच्या रांगा लागल्या. चार वर्षांनी, २०१० मध्ये, उलटा प्रकार घडला. निंटेंडोचे खेळ घडवणारे शिगेरू मियामोतो स्वतः स्टेजवर उभं राहून झेल्डा मालिकेतला 'स्कायवर्ड स्वोर्ड' खेळून दाखवत होते आणि तलवार त्यांच्या हाताचं ऐकेना. सभागृहात इतकी बिनतारी यंत्रं चालू होती की रिमोटचा सिग्नलच विस्कटत होता. तोच खेळ स्टॉलवर खेळलेल्यांचा अनुभव चांगला होता. मला वाटतं, स्टेज आणि स्टॉल यांतला फरक या एका प्रसंगाइतका स्वच्छ दुसरीकडं कुठं दिसत नाही.

२०११ ला तर स्टेजनं कंपनीचं थेट नुकसान केलं. वीनंतरचं यंत्र, वी यू, जाहीर झालं, पण सादरीकरणात सगळा भर पडदा असलेल्या कंट्रोलरवर होता. हे नवं यंत्र आहे की जुन्या वीला जोडायची वस्तू, हेच अनेकांना उमगलं नाही. शेअरही घसरला. २०१२ ला निंटेंडोनं ई-थ्रीत शेवटची जुन्या पद्धतीची मोठी परिषद घेतली आणि एप्रिल २०१३ मध्ये कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी यंदा ती होणार नाही, असं जाहीर केलं.

इवातांचं कारण नीट समजून घ्यायला हवं, कारण वादात ते कुणीच सांगत नाही. त्यांचा मुद्दा असा होता की एकाच सभागृहात गुंतवणूकदार, विश्लेषक, वितरक, पत्रकार आणि खेळाडू असे सगळे बसलेले असतात आणि प्रत्येकाला वेगळं ऐकायचं असतं. म्हणून त्यांनी श्रोते वेगळे केले. अमेरिकेतल्या वितरकांसाठी आणि पाश्चात्त्य पत्रकारांसाठी छोटे बंद कार्यक्रम ठेवले, खेळाडूंसाठी निंटेंडो डायरेक्ट हे इंटरनेटवरचं सादरीकरण ठेवलं. ई-थ्रीतला स्टॉल होता तसाच राहिला. एवढंच नाही, त्या वर्षी अमेरिका आणि कॅनडातल्या शंभराहून जास्त दुकानांत त्यांनी ई-थ्रीमधले खेळ लोकांना खेळायला ठेवले. म्हणजे ज्या वर्षी "निंटेंडोनं ई-थ्री सोडलं" असं म्हणतात, त्याच वर्षी त्यांचा स्टॉल लॉस एंजेलिसच्या बाहेर पसरला होता.

इथं दुसरा गैरसमज उभा राहतो. डायरेक्ट म्हणजे इंटरनेटवर टाकलेली परिषद, असं बरेच जण धरून चालतात. तसं ते नाही. डायरेक्ट सुरू झालं ऑक्टोबर २०११ मध्ये, म्हणजे परिषद बंद व्हायच्या आधी, आणि त्याचा ई-थ्रीशी संबंधही नव्हता. ते फेब्रुवारीत येऊ शकतं, सप्टेंबरात येऊ शकतं. ते आधी चित्रित करून, कापून-जोडून दाखवलं जातं, त्यामुळं मियामोतोंच्या हातातली तलवार अडली तसं काही त्यात घडू शकत नाही. समोर सभागृह नसतं. वितरकांची पहिली रांग नसते. इवाता दोन्ही हात छातीपासून बघणाऱ्याकडं नेत "थेट" असं म्हणायचे, ते अक्षरशः खरं होतं. बोलणं खेळाडूशीच होतं.

आम्हा सोलापूरच्या पोरांसाठी हा बदल किती मोठा होता, हे मला आवर्जून सांगायचं आहे. परिषदेच्या काळात आम्ही बातम्यांवर जगायचो. दुसऱ्या दिवशी कुणीतरी चार फोटो दाखवायचं. डायरेक्ट आल्यावर २०१४, २०१९, २०२१ या वर्षी जूनमध्ये रात्री साडेनऊला जेवण उरकून आम्ही मोबाइलभोवती बसलो, आणि लॉस एंजेलिसच्या माणसाला जे दिसलं तेच आम्हाला, त्याच क्षणी दिसलं. पहिली रांगच राहिली नाही, त्यामुळं आम्ही शेवटच्या रांगेतही राहिलो नाही. २०१५ मध्ये इवाता, मियामोतो आणि अमेरिकेतल्या शाखेचे प्रमुख रेजी बाहुल्या होऊन पडद्यावर आले तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. महिन्याभरात, ११ जुलैला, इवाता गेले. ते सादरीकरण आजही मी पूर्ण पाहू शकत नाही.

स्टेजच्या बाजूनं बोलणारा मित्र मूर्ख नाही. तो २००४ चं उदाहरण देतो. परिषद संपत आली असं वाटत असताना नव्या झेल्डाची झलक सुरू झाली, सभागृह ओरडायला लागलं, आणि मग मियामोतो तलवार आणि ढाल घेऊन आले. ती आरोळी डायरेक्टमध्ये नाही. माणसं एका छताखाली असल्याशिवाय ती उठतच नाही. हे मला मान्य आहे. पण त्या आरोळीसाठी परिषद हवी होती, असं मी म्हणणार नाही. परिषदेत विक्रीचे आलेख आणि बाजारपेठेतले टक्के ऐकत अर्धा तास जायचा. २००८ ची परिषद 'वी म्युझिक' या खेळासाठी आठवली जाते, आणि ती कुणी प्रेमानं आठवत नाही.

मला हळहळ वाटते ती स्टॉलची. आमच्या वादात त्यावर कुणी बोलतच नाही. २०१३ ते २०१९ ही सातही वर्षं निंटेंडो ई-थ्रीच्या मैदानात होतं, आणि माझ्या मते कंपनीनं सर्वांत मन लावून स्टॉल मांडले ते याच काळात. २०१४ पासून ट्रीहाउस या निंटेंडोच्या अमेरिकेतल्या गटाची मंडळी स्टॉलवर बसून नवे खेळ तासन् तास खेळून दाखवू लागली. डायरेक्टमध्ये दीड मिनिट दिसलेला खेळ प्रत्यक्षात चालतो कसा, कुठं अडतो, हे तिथं कळायचं. आणि २०१६! त्या वर्षी मोठं सादरीकरण नव्हतंच. स्टॉलवर खेळायला एकच खेळ ठेवला होता, झेल्डा मालिकेतला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. अख्खी जागा त्याच जगासारखी सजवली होती. ई-थ्रीसारख्या गोंगाटात एका खेळावर एवढा विश्वास टाकायला धाडस लागतं, आणि ते हातात द्यायला माल असल्याशिवाय येत नाही.

पडद्यावर माल नसतानाही घोषणा करता येते. २०१७ ला 'मेट्रॉइड प्राइम ४' या खेळाचं नुसतं नाव झळकलं, बाकी काही नाही. २०१९ मध्ये काम पहिल्यापासून सुरू केल्याचं कंपनीनं स्वतः सांगितलं, आणि खेळ आला २०२५ च्या डिसेंबरात. स्टॉलवर नुसतं नाव ठेवता येत नाही.

राहिला मावसभावाचा २०२३ चा मुद्दा. २०२० चं ई-थ्री कोविडमुळं रद्द झालं. २०२१ ला ते फक्त ऑनलाइन झालं आणि त्यात निंटेंडो होतं. २०२२ ला भरलंच नाही. २०२३ मध्ये निंटेंडोनं आपण येणार नाही असं सांगितलं, थोड्याच आठवड्यांत ते वर्षही रद्द झालं, आणि १२ डिसेंबर २०२३ ला आयोजकांनी ई-थ्री कायमचं बंद केल्याचं जाहीर केलं. यावरून "निंटेंडोनं ई-थ्री मारलं" असा आरोप होतो. मला तो पटत नाही. सोनी २०१९ लाच गेली होती. ईए ही गेम कंपनी त्याच्याही आधी, २०१६ मध्ये, प्रदर्शनाच्या मैदानातून बाहेर पडून शेजारीच स्वतःचा कार्यक्रम भरवू लागली होती. घाऊक खरेदीदाराला जूनमध्ये नमुना दाखवण्याची गरज कमी झाली, कारण खेळ दुकानाऐवजी थेट यंत्रावर उतरवून घेतले जाऊ लागले. ज्या कामासाठी प्रदर्शन उभं राहिलं तेच काम आटलं. आणि त्याच २०२३ च्या ऑगस्टमध्ये निंटेंडोनं जर्मनीत कोलोनच्या गेम्सकॉममध्ये स्टॉल मांडला. तिथं सामान्य माणूस तिकीट काढून आत जातो. स्टॉलवरचं त्यांचं मन उडालेलं नव्हतं, व्यापाऱ्यांच्या प्रदर्शनावरचं उडालं होतं.

स्वतःचा मांडव स्वतः घालायची सवय या कंपनीला जुनीच आहे. जपानमध्ये १९८९ ते २००१ पर्यंत तिचं स्वतःचं प्रदर्शन भरायचं. आधी त्याचं नाव शोशिंकाई होतं, नंतर स्पेस वर्ल्ड झालं.

२ एप्रिल २०२५ ला निंटेंडोच्या स्विच २ या यंत्राचं डायरेक्ट आपल्याकडं संध्याकाळी साडेसहाला लागलं. त्या सुमारास स्टॉलही निघाले होते: न्यूयॉर्क, पॅरिस, लंडन, बर्लिन, मेलबर्न, सोल, टोकियोजवळचं माकुहारी, हाँगकाँग, तैपेई. भारतातलं शहर त्या यादीत नव्हतं. मावसभावानं तो अख्खा तास आमच्याबरोबरच पाहिला, प्रत्येक खेळाचं नाव त्याला पाठ होतं. प्रत्यक्ष यंत्र त्याच्या हातात आलं पुण्यात एका मित्राच्या घरी, काही महिन्यांनी. पहिली दहा मिनिटं त्यानं खेळ सुरूच केला नाही. चुंबकानं चिकटणारा तो कंट्रोलर काढायचा, परत लावायचा, आणि लागल्याचा आवाज ऐकायचा, एवढंच करत बसला होता.