अध्यक्ष नसले तर निवेदन कोणाच्या नावे? अधिवेशनाआधी एवढं बघून घ्या

बेळगावजवळ हलग्याच्या सुवर्णसौधात, म्हणजे कर्नाटक विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, हिवाळी अधिवेशन सुरू झालं की खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यातली माणसं निवेदनाची फाईल घेऊन येतात. संध्याकाळी त्यातले बरेच जण तीच फाईल काखेत मारून परत फिरतात. विचारलं तर म्हणतात, "अध्यक्ष नव्हते हो, खुर्चीवर दुसरंच कोण होतं. उद्या बघू." एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला हा उद्याचा दिवस परवडत नाही, म्हणून हे लिहितेय.

विधानसभेचे अध्यक्ष हजर नसले तर उपाध्यक्ष कामकाज चालवतात. तेही नसले तर सभागृहाच्या नियमांप्रमाणे ठरलेला सदस्य खुर्चीवर बसतो. राज्यघटनेच्या कलम 180 मध्ये हे स्वच्छ लिहिलंय. दोन्ही पदंच रिकामी असतील तर राज्यपाल एखाद्या सदस्याला नेमतात. विधान परिषदेतही क्रम हाच, फक्त तिथे सभापती आणि उपसभापती. आपल्याच जिल्ह्यातले सौंदत्तीचे आनंद मामनी 2020 पासून 2022 मध्ये निधन होईपर्यंत उपाध्यक्ष होते. त्या काळात अध्यक्षांच्या गैरहजेरीत ते खुर्चीवर असले की सभागृह त्यांच्याच हुकमावर चालायचं.

पण तुमचा कागद त्या खुर्चीकडे जातच नाही. तो जातो कार्यालयाच्या आवक विभागात. आत कोण बसलंय याच्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि "साहेब नाहीत, नंतर या" हे उत्तर ऐकून परतायचंही कारण नाही.

खानापूर भागातल्या एका काकांचं परत आलेलं निवेदन मी पाहिलं. वर लिहिलेलं "मा. सभापती, विधानसभा", त्याखाली आधीच्या अध्यक्षांचं नाव, विषय ओढ्यावरच्या पुलाचा, आणि शेवटच्या परिच्छेदात सीमाप्रश्न.

पहिली चूक पदाची. विधानसभेला अध्यक्ष, परिषदेला सभापती. कन्नडातही "सभापती" म्हटलं की परिषदच समजतात, त्यामुळे कागद भलत्याच टेबलावर जातो. दुसरी, नावाची. नाव घालूच नका, पद लिहा. माणूस बदलतो, गैरहजर असतो, पद तिथेच असतं.

तिसरी सगळ्यात महागात पडते. महाराष्ट्राने 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमेचा दावा अजून तिथेच आहे, आणि न्यायालयात असलेला विषय लोकांच्या तक्रारी बघणाऱ्या सभागृहाच्या अर्ज समितीपुढे चालत नाही. सीमाप्रश्न आपल्या सगळ्यांच्या काळजातला आहे, मला कळतं. पण पुलाच्या कागदात तो घातला की पूलही अडकतो. त्यासाठी वेगळा कागद करा.

ही अर्ज समिती नीट समजून घ्या. विधानसभेत तिचं अध्यक्षपद उपाध्यक्षांकडे असतं, परिषदेत उपसभापतींकडे. म्हणजे ज्यांना खुर्चीवर पाहून लोक माघारी फिरतात, तक्रार शेवटी त्यांच्याच समितीपुढे जायची असते. सभागृहात मांडायची याचिका आमदारामार्फत जाते, म्हणून आपल्या आमदाराला अधिवेशनाआधीच गाठा. अधिवेशनात ते हाती लागत नाहीत.

आता भाषा. "मराठीत चालणार नाही" असं खिडकीवर कोणी म्हणालं तर घाबरू नका. कलम 350 प्रमाणे गाऱ्हाण्याचं निवेदन देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत, कुठल्याही अधिकाऱ्याकडे देता येतं. हे अधिकाऱ्यांना माहीत नसावं याचा मला दरवेळी संताप येतो. मात्र उत्तर मराठीतच द्यावं असं ते कलम म्हणत नाही. सोबत कन्नड भाषांतर जोडलंत तर तुमचाच वेळ वाचेल. आमदारांचा नियम वेगळा आहे: कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत नीट मांडता येत नसेल तरच मातृभाषेत बोलायची परवानगी मिळते. कलम 210 नुसार ती अध्यक्ष देतात, किंवा त्यांच्या जागी त्या वेळी जो बसला असेल तो.

बाकी कागद नेहमीचेच: आधारची झेरॉक्स, पूर्ण पत्ता, सही, आधी ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जाची पोच. ही पोच बहुतेकांकडे नसते. नसेल तर आज पंचायतीत नव्याने अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

काकांनी तसंच केलं. दुसऱ्या खेपेला कागद दोन पानांचा झाला, एक मराठी, एक कन्नड, विषय फक्त पूल. त्यांच्या प्रतीवर निळा शिक्का आणि आवक क्रमांक पडला, आणि तो क्रमांक त्यांनी तिथेच उभं राहून डायरीत उतरवून घेतला.