ली-एनफिल्ड रायफलचे झिरोइंग

नेम धरलेली जागा आणि गोळी लागण्याची जागा ठरावीक अंतरावर एक व्हावी, यासाठी रायफलच्या साइट्स, म्हणजे नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेले भाग, जुळवण्याच्या कामाला झिरोइंग म्हणतात. ही नोंद शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड मार्क 3 या .303 रायफलीविषयी आहे. 1907 साली स्वीकारलेली ही रायफल पुढे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातही तयार होऊ लागली. भारतीय सैन्य, पोलीस आणि एनसीसीमध्ये ती ‘थ्री नॉट थ्री’ याच नावाने ओळखली जाते. तिची मार्क 7 काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनत. त्यांच्या बुडावरची ‘केएफ’ ही अक्षरे परदेशातले संग्राहक आजही ओळखतात.

बॅकसाइट म्हणजे नळीवर बसवलेली उचलती पट्टी. तिच्यावर 200 ते 2000 यार्डांच्या खुणा असतात. बटण दाबून सरकपट्टी पुढेमागे नेली की अंतर बदलते. फोरसाइट, म्हणजे जुन्या मराठीतली बंदुकीची माशी, ही नळीच्या टोकाशी आडव्या खाचेत बसवलेली लहानशी पाती असते. तिला धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना पोलादी कान असतात. मूळ मार्क 3 मध्ये बॅकसाइट आडवी सरकवण्याचीही सोय होती. पहिल्या महायुद्धात उत्पादन वाढवण्यासाठी 1916 मध्ये आलेल्या तारांकित मार्क 3 (Mk III*) मधून ती काढून टाकली. त्यामुळे या रायफलींत डावे-उजवे जुळवायचे ते फक्त माशी सरकवूनच.

मागच्या आणि पुढच्या साइटमधले अंतर जेमतेम साडेएकोणीस इंच आहे. म्हणून माशी केसभर हलली तरी लक्ष्यावर त्याचा परिणाम मोठा दिसतो. पात्या 0.015 इंचाच्या फरकाने वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात आणि उंचीचा आकडा पातीवरच कोरलेला असतो. एका पायरीच्या फरकाने 100 यार्डांवर मार सुमारे पावणेतीन इंच वर किंवा खाली जातो. नवख्यांचा घोटाळा होतो तो दिशेचा. चूक ज्या दिशेला, माशी नेहमी त्याच दिशेने न्यायची: गोळ्या उजवीकडे पडत असतील तर माशी उजवीकडे सरकवायची, वर पडत असतील तर उंच पाती बसवायची. बॅकसाइटचे नेमके उलटे. गोळी जिकडे हवी, तिकडे ती न्यायची.

बॅकसाइटवरची सर्वांत कमी खूणच 200 यार्डांची असल्याने, साइट बरोबर असलेली रायफलसुद्धा 100 यार्डांवर नेमापेक्षा दोन-तीन इंच वर मारते. हे ठाऊक नसल्यामुळे अनेकांनी चांगल्या पात्या बदलल्या आहेत. पाती कानशीने घासणे तर त्याहून वाईट. उंची कमी झाली की मार वर चढतो, आणि घासलेले पोलाद परत येत नाही.

पण साइटला हात लावण्याची वेळ खरे तर शेवटी येते. आधी चांदमारीवर टेकू घेऊन, एकाच लॉटच्या काडतुसांनी पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या गोळ्यांचे पुंजके, पाहावेत. ग्रुप घट्ट असून जागा चुकत असेल तर दोष साइटचा. गोळ्या विखुरत असतील तर आधी लाकूड तपासावे. या रायफलीत पुढच्या लाकडात स्प्रिंगवर बसवलेला एक खुंट नळीला खालून वर रेटत असतो. तो अडकला, लाकूड सुकून आकसले किंवा चाप-रक्षकाचा पुढचा स्क्रू ढिला झाला, की मार रोज वेगळा दिसतो. वर्षानुवर्षे कोठारात पडून राहिलेल्या रायफलींत हे हमखास आढळते. अशा रायफलीची माशी सरकवत बसणे म्हणजे तापाचे कारण न शोधता तापमापीच बदलणे. नळीच्या टोकाशी वजन वाढल्यावरही मार हलतो, म्हणून संगीन लावून आणि न लावता वेगळी नोंद ठेवावी.

साइटची चूक कारखान्यातूनही होऊ शकते, हे बोअर युद्धात दिसले. दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या, मार्क 3 च्या आधीच्या काही ली-एनफिल्ड रायफलींच्या साइट्स चुकीच्या बसवलेल्या निघाल्या आणि 500 यार्डांवर त्यांच्या गोळ्या सुमारे 18 इंच उजवीकडे पडत होत्या. सैनिकाने कितीही श्वास रोखून चाप दाबला तरी माणूस हुकणारच, एवढा हा फरक आहे.

माशी सरकवायला आर्मररकडे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, स्क्रूवर चालणारा खास शिकंजा असे. तो फोरसाइटवर बसवून स्क्रू थोडाथोडा फिरवला की पाती एकसारख्या दाबाने सरकते. हातोडीच्या घावाने मात्र ती एकदम उडी घेते आणि तिची कडही चेपते. जुळणी पक्की झाली की पाती हलू नये म्हणून पंचाने बारीक ठोका मारत. जुनी रायफल हातात आली की भिंगाने आधी तो ठोका पाहावा. तो जागेवर आणि अखंड असेल, तर कुणा आर्मररने लावलेली जुळणी बहुधा अजून तशीच आहे.