घासून चकाकवलेल्या राणीछाप रुपयाची किंमत वाढते का?

जुना चांदीचा रुपया चिंचेने घासून लखलखीत केला की त्याची किंमत वाढते, असा संदेश वर्षानुवर्षे फिरत आहे. प्रत्यक्षात संग्राहकांच्या लेखी ती बहुधा घटतेच. नाण्याची प्रत, म्हणजे दर्जा, ठरवताना आधी झीज पाहतात, आणि १८६२च्या राणीछाप रुपयावर ती राणी व्हिक्टोरियाच्या प्रतिमेतील गाल, केस अशा उंच भागांवर प्रथम दिसते. घासल्याने झिजून गेलेले बारकावे परत येत नाहीत, उलट टांकसाळीतली मूळ झळाळीही खरवडली जाते, ही हानी मला फार खेदाची वाटते. काळसर थर हवेतील गंधकामुळे चढतो. तो दोष नव्हे. पडताळणीसाठी नाणे कडेने धरून एकाच दिव्याखाली हळूहळू कलते करावे: मूळ झळाळीत प्रकाशाचे पट्टे फिरताना दिसतात, घासलेल्या नाण्यावर मात्र सपाट चकाकी असते आणि भिंगातून बारीक ओरखडे दिसतात.